बाटली परत आली. पण पुन्हा भरली का?

१/
मुंबईत एके काळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या हातात रिकामी बाटली असे. आरेच्या दूध केंद्रावर ती द्यायची, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाची भरलेली बाटली घेऊन घरी यायचे. रिकामी बाटली धुतली जाई, पुन्हा भरली जाई आणि पुढे कुणा तिसऱ्याच्याच घरी पोहोचे. या व्यवहाराला वेगळे नाव देण्याची गरज तेव्हा कुणाला भासली नव्हती. आज आपण त्याला 'पुनर्वापराची चळवळ' म्हणतो. जे नित्याचे होते त्याची चळवळ का करावी लागली, याचा हा इतिहास.

२/
ही रीत केवळ मुंबईची नव्हती. दूध, सोडा, बिअर, खनिजजल यांच्या बाटल्या जगातल्या बहुतेक शहरांत अशाच फिरत असत. ती व्यवस्था मोडली कशी, याची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकेत सापडते. ती पुन्हा उभी करण्याचे दोन मोठे प्रयोग झाले, एक अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आणि दुसरा जर्मनीत. दोन्ही प्रयोगांनी बाटली परत आणली. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न मात्र मागे उरला, आणि तो आज आपल्याही दाराशी आला आहे.

३/
आरंभ एकोणिसाव्या शतकापासून करू. त्या काळी बाटली कारागिराच्या फुंकणीतून घडे. ती महाग असे. पुष्कळदा आतल्या पेयापेक्षाही मोलाची. म्हणून पेय विकणारा कारखानदार बाटलीवर आपले नाव उमटवून घेई. गिऱ्हाईक विकत घेई ते पेय. बाटली त्याला जणू उसनी दिलेली असे. ती परत यावी म्हणून थोडी रक्कम अनामत ठेवून घ्यायची, हा रिवाज त्यातूनच रूढ झाला.

४/
पुढे दोन शोधांनी हे गणित हलवले. १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर याने पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट मिळवले. सोड्याच्या बाटलीवर आजही दिसते तेच हे बूच. १९०३ च्या सुमारास मायकेल ओवेन्स याने बाटल्या आपोआप घडवणारे यंत्र सिद्ध केले. बाटली स्वस्त झाली. स्वस्त वस्तूची काळजी हळूहळू कमी होते. पण तो परिणाम दिसायला अजून तीस वर्षे जायची होती.

५/
पेंटरविषयीचा एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा एक फिरता विक्रेता होता. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हापुन्हा तुझ्याकडे येईल, असा सल्ला पेंटरने त्याला दिला. जिलेटने पुढे दाढीचे फेकण्याजोगे पाते काढले. 'वापरा आणि फेका' हा केवळ आळसाचा परिणाम नव्हे; तो विचारपूर्वक आखलेला व्यापारही होता, हे यावरून कळते.

६/
तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात पेयांची बाटली परतच येत राहिली. अमेरिकेत एकट्या कोका-कोलाचे हजारावर स्थानिक भरणा-कारखाने होते. पाच सेंटच्या पेयावर बाटलीची अनामत दोन सेंट, म्हणजे किमतीच्या चाळीस टक्के. एवढी रक्कम कोण सोडील? गाडी भरलेल्या बाटल्या घेऊन गावात जाई आणि त्याच फेरीत रिकाम्या घेऊन परते. अंतर थोडे होते, म्हणून परतीचा खर्चही थोडा होता.

७/
पहिला तडा गेला २४ जानेवारी १९३५ रोजी. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात क्रुगर कंपनीची बिअर पत्र्याच्या डब्यातून विक्रीस आली. डब्याच्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा चवीचा नव्हता. अनामत नाही आणि परत करण्याची कटकट नाही, हा होता. काचवाल्यांनीही लवकरच परत न घ्यायची, बुटकी, स्वस्त बाटली काढून डब्याशी स्पर्धा सुरू केली.

८/
मध्ये दुसरे महायुद्ध आले. पत्रा लष्कराकडे वळला आणि देशातील दुकानांतून बिअरचा डबा दिसेनासा झाला. समुद्रापार लढणाऱ्या सैनिकांना मात्र बिअर डब्यांतूनच जाई, कारण रणभूमीवरून रिकामी बाटली परत येण्याचा प्रश्नच नव्हता. घरी परतलेल्या तरुणांच्या हाताला डब्याची सवय झालेली होती. युद्धोत्तर काळात घरोघरी शीतकपाट आले, मोठी स्वयंसेवा दुकाने आली, महामार्ग आले.

९/
इथे एक समज तपासून पाहू. 'लोकांना सोय हवी होती, म्हणून बाटली हरली' असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. मद्यबंदी उठल्यावर अमेरिकेत बिअरचे सातशेहून अधिक कारखाने होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा पन्नासांहून कमी कंपन्यांच्या हाती उरला. कारखाना शेकडो मैल दूर गेला की रिकामी बाटली परत आणणे तोट्याचे होते. स्थानिक कारखान्याला जी बाटली ठेवा वाटे, तीच राष्ट्रीय कंपनीला ओझे वाटू लागली.

१०/
विरोधही लवकर झाला, आणि तो शहरी पर्यावरणवाद्यांकडून नव्हे, शेतकऱ्यांकडून. व्हर्मॉन्ट राज्यात रस्त्यावरून फेकलेल्या बाटल्या शेतात पडत, काचेचे तुकडे वैरणीत मिसळत आणि गुरांच्या पोटात जात. १९५३ मध्ये त्या राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटलीतून बिअर विकण्यास बंदी घातली. कायदा मुदतीचा होता. १९५७ मध्ये मुदत संपली, आणि त्याला पुन्हा जीवदान मिळाले नाही.

११/
त्याच १९५३ साली 'कीप अमेरिका ब्युटिफुल' ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डबे बनवणारी अमेरिकन कॅन आणि बाटल्या बनवणारी ओवेन्स-इलिनॉय या कंपन्या होत्या. संस्थेचा संदेश साधा होता : कचरा करतो तो बेशिस्त नागरिक. रस्त्यावर कचरा टाकू नये हे खरेच. पण त्या संदेशात डबा कोणी बनवला आणि परत घ्यायचे कोणी नाकारले, हा प्रश्न अलगद बाजूला पडला.

१२/
१९७१ च्या वसुंधरा दिनी या संस्थेची एक जाहिरात गाजली. होडीतून आलेला एक मूलनिवासी पुरुष कचरा पाहतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. तो नट आयर्न आइज कोडी मूलनिवासी नव्हता. त्याचे आईवडील इटलीहून आलेले होते. अश्रू पडद्यावरचा होता, दोष मात्र प्रेक्षकाच्या पदरात पडला. इतिहास वाचताना जाहिरातीचा खर्च कोण करतो हे पाहण्याची सवय ठेवावी, ती यासाठीच.

१३/
त्याच वर्षी मे महिन्यात अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर वेगळेच दृश्य दिसले. 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या तेव्हा नव्या असलेल्या संघटनेने लंडनमध्ये श्वेप्स कंपनीच्या मुख्य कचेरीच्या दारात पंधराशे रिकाम्या बाटल्या आणून मांडल्या. कंपनीने बाटल्या परत घेणे थांबवले होते, म्हणून लोकांनी त्या दारापर्यंत पोहोचवल्या. ते छायाचित्र सर्वत्र गाजले. कंपनीचे धोरण मात्र बदलले नाही.

१४/
भावनेच्या जोडीला आता हिशोबही आला. १९७२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या ब्रूस हॅनन यांनी ऊर्जेचा ताळेबंद मांडला. शीतपेयाची बाटली पंधरा वेळा भरली, तर तेवढेच पेय फेकण्याच्या काचेच्या बाटल्यांतून द्यायला सुमारे तिप्पट ऊर्जा लागते, असे त्यांनी दाखवले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी झालेल्या अभ्यासातही दहा फेऱ्या करणारी काचेची बाटलीच सर्वांत कमी भाराची ठरली.

१५/
यातला बारकावा ध्यानात घ्या. काच जड असते, आणि ती वितळवायला फार उष्णता लागते. म्हणून एकदाच वापरलेली काचेची बाटली मुळीच 'हिरवी' नसते. बाटलीचे पुण्य काचेत नाही, फेऱ्यांत आहे. पाचवी, दहावी, विसावी फेरी झाली की पहिल्या दिवशीचा खर्च वाटला जातो. फेऱ्या थांबल्या की तोच जडपणा दोष ठरतो.

१६/
आता ऑरेगनकडे वळू. रिचर्ड चेंबर्स हे लाकूडतोडीची यंत्रसामग्री विकणारे गृहस्थ होते. पायी भटकण्याचा त्यांना छंद होता. समुद्रकिनाऱ्यावर विखुरलेले डबे-बाटल्या पाहून ते अस्वस्थ झाले आणि १९६८ मध्ये त्यांनी आपल्या भागाचे आमदार पॉल हॅनमन यांना गाठले. मागणी एकच होती : प्रत्येक डब्या-बाटलीवर अनामत सक्तीची करा. १९६९ मध्ये विधेयक आले आणि पडले.

१७/
१९७१ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल या मागणीच्या पाठीशी उभे राहिले. डबेवाले आणि बाटलीवाले दोघांनीही कडवा विरोध केला. तरी विधेयक मंजूर झाले, आणि १ ऑक्टोबर १९७२ पासून ते अमलात आले. अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याने डब्यापासून सुटून पायाखाली येणाऱ्या पत्र्याच्या कडीलाही बंदी घातली.

१८/
कायद्यातले एक कलम आज फारसे कुणाला आठवत नाही, आणि आपल्या गोष्टीचा गाभा तिथेच आहे. साधारण डब्यावर किंवा बाटलीवर अनामत पाच सेंट होती. परंतु जी बाटली एकाहून अधिक कंपन्या वापरू शकतील अशा ठरीव नमुन्याची असेल, तिच्यावर फक्त दोन सेंट. पुन्हा भरता येणाऱ्या सामाईक बाटलीला कायद्याने झुकते माप दिले होते. हेतू स्पष्ट होता : बाटली परत यावी, आणि ती पुन्हा भरली जावी.

१९/
पहिला हेतू उत्तम साधला. कायद्यापूर्वी रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयांच्या डब्या-बाटल्यांचा वाटा सुमारे चाळीस टक्के होता. राज्याच्या आकडेवारीनुसार १९७९ पर्यंत तो सहा टक्क्यांच्या आसपास आला. पहिल्या काही वर्षांत पुनर्भरणाच्या बाटल्यांचा खपही झपाट्याने वाढला. इतर राज्यांनीही पुढे असेच कायदे केले. चळवळ जिंकली असे वाटावे, असाच तो क्षण होता.

२०/
दुसरा हेतू मात्र निसटला. ॲल्युमिनियमचा डबा हलका आणि स्वस्त होत गेला. सत्तरीच्या दशकातच प्लॅस्टिकची पेट बाटलीही आली. दोन्ही परत येऊ लागले, पण धुण्यासाठी नव्हे, चिरडून वितळवण्यासाठी. युद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतील जवळजवळ सर्व शीतपेय पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकले जाई. शतक संपेपर्यंत हा वाटा नाममात्र उरला होता. ऑरेगनही त्याला अपवाद ठरले नाही.

२१/
असे का व्हावे? अनामत परत मिळते, म्हणून ती किंमत नसते. ग्राहकाला पाच सेंट भरून पाच सेंट परत मिळणार असतील, तर त्याच्या दृष्टीने दोन आणि पाच यांत फरक उरत नाही. अनामत त्याला दुकानापर्यंत परत आणते. दुकानातून पुढे ती बाटली धुलाईच्या यंत्राकडे जाईल की चुरा करणाऱ्या यंत्राकडे, हे अनामत ठरवत नाही. ते कारखान्याचे अंतर, बाटलीचा आकार आणि धुलाईची सोय ठरवते.

२२/
आता जर्मनी. तिथल्या खनिजजलाच्या कारखानदारांची एक सहकारी संस्था आहे. साखर कारखाना आणि दूध संघ पाहिलेल्या मराठी माणसाला सहकाराची कल्पना नवी नाही. पूर्वी तिथे जवळजवळ प्रत्येक झऱ्याची आपली वेगळी बाटली असे. तिला निवडून, वर्गवारी करून ज्याच्या त्याच्या झऱ्याकडे पाठवण्यातच बराच खर्च होई.

२३/
१९६९ मध्ये या सहकारी संस्थेने सर्वांसाठी एकच बाटली ठरवली. गुंटर कुपेट्झ या रचनाकाराने ती आखली : ०.७ लिटरची, फिरकीच्या झाकणाची, मधोमध निमुळती, आणि वरच्या भागावर बुडबुड्यांची आठवण देणारे २३० उंचवटे. त्यावरून लोक तिला 'मोत्यांची बाटली' म्हणू लागले. आजवर अशा पाच अब्जांहून अधिक बाटल्या घडल्या, आणि एकेक बाटली पन्नास वेळांपर्यंत भरली जाते.

२४/
तिची खुबी सौंदर्यापेक्षा मालकीत आहे. कोणत्याही झऱ्याची बाटली कोणत्याही सभासदाने भरावी. फक्त वरचा कागद बदलायचा. मुंबईचे डबेवाले १८९० पासून नेमके उलटे कौशल्य दाखवत आले आहेत : ज्याचा डबा त्यालाच, म्हणून प्रत्येक डब्यावर खुणा. जर्मन बाटलीला खूण लागत नाही, कारण ती सर्वांची आहे. परतीचा रस्ता आखण्याच्या या दोन रीती, आणि दोन्ही खऱ्या अर्थाने चालल्या.

२५/
तरीही तिथल्या शासनाला धोका दिसत होता. १९९१ मध्ये पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर यांच्या काळात आवेष्टनाचा नियम झाला. त्यात पेयांसाठी पुनर्भरणाचा ७२ टक्के वाटा ही मर्यादारेषा ठरली. वाटा तिच्याखाली गेला, तर एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवर सक्तीची अनामत लागेल, असा तो इशारा होता. १९९७ मध्ये रेषा ओलांडली गेली. वाद, खटले यांत वर्षे गेली आणि १ जानेवारी २००३ रोजी २५ सेंटची अनामत लागू झाली.

२६/
प्रारंभी परिणाम नेत्रदीपक होता. दुकानांतून डबे जवळजवळ नाहीसे झाले. पुनर्भरणाचा वाटा साठ टक्क्यांच्या वर टिकला. पुढे स्वस्त विक्रीच्या मोठ्या साखळी दुकानांनी नवा हिशोब मांडला : दीड लिटरची हलकी पेट बाटली, परत घेणारे यंत्र, आणि यंत्रातच तिचा चेंदामेंदा. चिरडलेले प्लॅस्टिक विकता येते. ग्राहकाने परत न आणलेल्या बाटलीची अनामतही विक्रेत्याकडेच राहते.

२७/
२०१९ पर्यंत पुनर्भरणाचा वाटा सुमारे ४२ टक्क्यांवर आला होता. त्याच सुमारास एकदाच वापरायच्या बाटल्या परत येण्याचे प्रमाण ९७-९८ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. परतावा जवळजवळ पूर्ण, आणि पुनर्भरण निम्म्याहूनही कमी. त्याच वर्षी नव्या कायद्याने ७० टक्क्यांचे ध्येय लिहून ठेवले. पण ते न गाठल्यास काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

२८/
इथेही ऑरेगनचेच कोडे उलगडते. जर्मनीत बिअरच्या पुनर्भरणाच्या बाटलीवर अनामत आठ सेंट, एकदाच वापरायच्या बाटलीवर पंचवीस. चढ्या अनामतीने लोक दुसरीकडे वळतील, असा कयास होता. लोकांनी मात्र एकच अर्थ घेतला : दोन्ही यंत्रात घालायच्या, दोन्हींचे पैसे मिळतात, मग दोन्ही सारख्याच. परत देणे हेच पुण्यकर्म मानले गेले, आणि पुढे काय होते हा प्रश्न पडद्याआड गेला.

२९/
मग या चळवळीची प्रगती झालीच नाही का? झाली, आणि ती नेमकी हा धडा घेऊन झाली. दक्षिण जर्मनीतील ट्युबिंगेन या विद्यापीठनगरीने १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपेयांच्या एकदाच वापरायच्या पेल्यावर व ताटलीवर ५० सेंट आणि चमच्या-काट्यावर २० सेंट कर बसवला. हा कर परत मिळत नाही. ही अनामत नव्हे, किंमत आहे. जोडीला शहराने भांडी धुण्याच्या यंत्रांसाठी खानावळींना साहाय्यही दिले.

३०/
एका फास्ट फूड शाखेच्या चालकाने या कराला न्यायालयात आव्हान दिले. खालच्या न्यायालयांत निकाल इकडून तिकडे झुकत राहिले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाचा निर्णय जाहीर झाला : शहराला असा कर बसवण्याचा अधिकार आहे. त्यानंतर इतर नगरपालिकांचा मार्ग मोकळा झाला. एका लहान शहराने पन्नास वर्षांच्या वादातली नेमकी गाठ हेरली होती.

३१/
ऑरेगननेही आपली चूक ओळखली. १९७१ चे पाच सेंट महागाईने इतके क्षीण झाले की लोक बाटल्या परत आणीनासे झाले. १ एप्रिल २०१७ पासून अनामत दहा सेंट झाली. २०१८ मध्ये तिथल्या सहकारी संस्थेने काही छोट्या बिअर-कारखान्यांसाठी सामाईक, पुन्हा भरायची बाटली आणली. पण बाटल्या धुवायच्या कुठे? राज्यात तशी सोयच उरली नव्हती. आरंभी त्या दूरच्या मॉन्टाना राज्यात पाठवाव्या लागल्या. मोडलेली व्यवस्था पुन्हा उभी करणे किती महाग असते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

३२/
मोठ्या कंपन्यांची गोष्टही दुहेरी आहे. कोका-कोलाने २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये आपल्या वेगवेगळ्या पेयांसाठी एकच सामाईक परतीची बाटली सुरू केली. २०२२ मध्ये तिने २०३० पर्यंत २५ टक्के पेये पुन्हा भरता येणाऱ्या किंवा परतीच्या आवेष्टनांतून विकण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित ध्येयांत हे ध्येय नव्हते. ऐच्छिक वचनाचे आयुष्य किती, हे व्हर्मॉन्टच्या मुदतबंद कायद्याइतकेच यातूनही दिसते.

३३/
म्हणून युरोपीय संघाचा नवा नियम महत्त्वाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो अस्तित्वात आला. २०२९ पर्यंत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि डबे यांपैकी ९० टक्के वेगळे गोळा झाले पाहिजेत. आणि २०३० पर्यंत, काही अपवाद वगळता, १० टक्के पेये पुनर्वापराच्या आवेष्टनांतून विकली गेली पाहिजेत. नव्वद आणि दहा. पुनर्वापराचा आकडा लहान आहे; पण परतावा आणि पुनर्वापर या दोन गोष्टी अखेर कायद्यात वेगवेगळ्या मोजल्या जात आहेत.

३४/
आता घराकडे परतू. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद केली. पिशवीसाठी किमान ५० पैसे. दुधाची पिशवी परत देऊन पैसे मागण्याची रीत मात्र रुळली नाही. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. दिशा योग्य आहे. पण पिशवी परत आली, तरी ती पुन्हा भरता येत नाही. आरेची बाटली येत असे.

३५/
आपल्याकडे एक जमेची बाजू अजून शिल्लक आहे. बिअरच्या काचेच्या बाटल्या भंगारवाल्याकडून गोळा होतात, निवडल्या जातात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. काही गावांत गोटी सोड्याची बाटली आजही दुकानातच पिऊन परत द्यावी लागते. ऑरेगनने जी साखळी गमावली आणि जी पुन्हा जोडायला तिला शेजारपाजारची राज्ये शोधावी लागली, तिचे काही दुवे आपल्याकडे अद्याप तुटलेले नाहीत. नवी योजना आखताना हे दुवे मोजले जातील की मोडले जातील, हा खरा प्रश्न आहे.

३६/
तेव्हा यापुढे कुठल्याही योजनेची बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. बाटली परत किती येते? त्यांपैकी पुन्हा किती भरली जाते? ती धुण्याची सोय किती अंतरावर आहे? आणि ती बाटली एकाच कंपनीची आहे की सर्वांची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळते. उरलेल्या तिघांची उत्तरे शोधावी लागतात, आणि गेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्या तिघांतच दडलेला आहे.

३७/
शेवटी एक विनंती. घरातील ज्येष्ठांना विचारा : तुमच्या लहानपणी दूध, तेल, सोडा, शाई कशातून येई? बाटलीची अनामत किती होती? रिकामी बाटली फुटली तर घरी काय होई? त्यांची उत्तरे खाली लिहा, गाव आणि साधारण साल यांसह. सरकारी दप्तरात या रोजच्या व्यवहाराच्या नोंदी फार थोड्या सापडतात. ती माहिती असलेली पिढी अजून आपल्यात आहे. तोवर ती लिहून घेऊ.

(धागा समाप्त)